मामा "दिसला" म्हणाले

सोमवार, रात्री साडेअकरा

कालपासून डोक्यात एकच फिरतंय. मामा "दिसला" म्हणाले, आणि तोवर मी पक्षी कुठं आहे ते सांगितलंच नव्हतं.

एवढंच झालंय. कुणाला सांगायला गेलं तर म्हणेल त्यात काय एवढं. पण आज ऑफिसात तेच, जेवताना तेच, शेवटी म्हटलं लिहून तरी बघूया.

वेंगुर्ल्याला बंदराजवळच्या टेकडीवर नेहमीच्या जागेला बसलो होतो. पाऊस थांबून थांबून, वारा मात्र सरळ पश्चिमेचा, म्हणजे आम्हाला पाहिजे तसा, कारण सप्टेंबरात असला वारा असला तरच खोल समुद्रातलं काहीतरी किनाऱ्याकडं ढकललं जातं, नाहीतर दिवसभर बसून घारीच मोजायच्या. सकाळचं ऊन आपल्या किनाऱ्यावर पाठीमागनं येतं म्हणून दहा-साडेदहापर्यंत लांबचा पक्षी पण रंगासकट दिसतो, दुपारनंतर पाणी चकाकायला लागलं की नुसते काळे ठिपके. त्यासाठीच तर मध्यरात्र उलटली की बेळगावचं हिंडलगा सोडायचं, आंबोलीच्या धुक्यात गाडी हळू घ्यायची, उजाडताना सावंतवाडीच्या पुढं असायचं. मी स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) क्षितिजाच्या जरा खाली लावून गप्प बसलो होतो (पक्ष्याच्या मागं धावायचं नाही, पक्षी काचेत येऊ द्यायचा, हे मामांचंच), आणि उजवीकडनं एक गडद पक्षी आला. पंख ताठ, तीन-चारदा हलवले की लांबपर्यंत तरंगत जायचा, एका कडेवर कलून लाटेच्या खळग्यात गायब, परत वर. माझ्या तोंडातनं "शिअरवॉटर!" एवढंच गेलं. आणि शेजारनं मामा, "हां, दिसला दिसला, तू बघ."

मी बघत राहिलो. बऱ्यापैकी दिसला, अख्खा काळपट, पोट पण काळंच, चोच फिकट आणि टोकाला गडद, म्हणजे फ्लेश-फूटेड शिअरवॉटरच. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येकडच्या बेटांवर वाढणारा पक्षी, तिकडं हिवाळा लागला की आपल्या अरबी समुद्रात येतो, आता परतीच्या वाटेवर असणार. दक्षिणेकडं म्हणजे डावीकडं निघून गेला. असल्या पक्ष्यासाठीच माणूस तिथं जाऊन बसतो. आणि त्यानंतर माझ्या मनात आनंदाच्या जागी हे "दिसला दिसला" येऊन बसलंय.

कारण समुद्र केवढा आहे. समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स बेटांच्या कुठल्या अंगाला, हात ताठ धरून किती बोटं डावीकडं, ट्रॉलरच्या अलीकडं का पलीकडं, यातलं काही मी सांगितलंच नव्हतं. ही बोटं मोजून जागा सांगायची रीत मला त्यांनीच शिकवली. त्यांच्या हातात जुनी दुर्बीण होती, स्कोप हल्ली माझ्यापाशीच असतो. दुर्बिणीतनं तेवढ्या लांबचं सापडायला नजर आधी कडेनं हलणारं काहीतरी पकडते, मग आपण तिकडं वळतो. सी-वॉचिंग (किनाऱ्यावर बसून समुद्रातले पक्षी बघणं) म्हणजे अर्धं हेच, डोळ्याच्या कडेनं बघणं. आणि मामांचं कडेचंच...

ते असो. मामींनी फोनवर सांगितलंय तेवढं मला माहीत आहे, डोळ्यांत ड्रॉप्स वेळेवर घालतात म्हणे.

पण खोटं का बोलावं? तेही त्यांनी? कारवारला एकदा सगळ्या ग्रुपला फ्रिगेटबर्ड दिसला होता, डोक्यावरनं गेला, सगळे ओरडत होते, आणि मामा तेवढ्यात डबा काढायला खाली वाकले होते. मान वर करेपर्यंत गेला झाडांमागं. सगळ्यांनी सांगितलं लिहा हो, एवढी माणसं साक्षीला आहेत. नाही लिहिला. ज्यांनी बघितला त्यांनी आपल्या वहीत लिहावा, म्हणाले. त्यानंतर त्यांना फ्रिगेटबर्ड दिसलाय का मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. अशा माणसानं माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी "दिसला" म्हणावं हे मला पटतच नाही. माझी दया आली म्हणून म्हणाले का? का माझ्यापुढं कमी पडायला नको म्हणून? दोन्हीतलं काहीही असलं तरी मला ते नकोय.

आणि खरं सांगायचं तर मला भीती पण वाटली. मामा नसतील तर मी कुणाबरोबर जाऊ? आमच्या बेळगावात पक्षी बघणारे कमी नाहीत, पण भीमगडला, तिळारीला धनेश बघायला बोलवा, गाडी भरून येतील. धुपदाळला करकोचे उतरलेत म्हटलं की येतील, गदगला मागडीच्या तळ्यावर पट्टकादंब बघायला तर बायकापोरांसकट येतील. चांगलंच आहे ते. पण रिकाम्या पाण्याकडं चार-पाच तास बघत बसायला आणि त्यातनं नाव घेण्यासारखे दोन पक्षी मिळाले तर दिवस सोन्याचा म्हणायला कोण येणार? पावसाळ्यात वादळानं दमलेला एखादा बूबी (हा पण खोल समुद्रातलाच पक्षी) वाळूत येऊन बसला की पेपरात फोटो येतो, तेवढ्यापुरते सगळे विचारतात. तो पक्षी धडधाकट असताना कुठं असतो, काय खातो, त्याची वाट कुठली, हे ज्याला माझ्याइतकंच पोटतिडकीनं हवंय असा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे आणि तो काल आंबोलीला चहाच्या टपरीची पायरी पायानं चाचपत होता.

नको ते.

आता आज संध्याकाळचं. मामांची वही माझ्याकडं आहे, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) मीच भरतो. मांडणी वर्षानुवर्षं तीच, वर तारीख, वारा, उजेड, पाण्याची भरती-ओहोटी, खाली एकेक पक्षी, आकडा, आणि ओळीच्या शेवटी कुणी बघितला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. मामांचं हस्ताक्षर मोठं झालंय आता, ओळी उतरत्या. ब्रायडल्ड टर्न (टर्न म्हणजे सुरय), दोघांचं अक्षर. मोठा थवा होता, जवळनं गेला, दोन पाण्यावर वाहणाऱ्या ओंडक्यावर बसले होते, मानेवरचा पांढरा पट्टा पण दिसला, ते मामांनी बघितलं यात शंका नाही. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, नुसतं माझं. बुलबुलाहून लहानच, चाळीसेक ग्रॅमचा जीव, अंटार्क्टिकाकडनं आलेला, लाटेवर पाय टेकवत नाचत होता, मला पण जेमतेम दिसला. आणि फ्लेश-फूटेड शिअरवॉटर, १. शेवटी माझं अक्षर. फक्त माझं.

म्हणजे वहीला त्यांनी खरं सांगितलं.

मला वाईट वाटलं आधी. वहीशी खरं आणि माझ्याशी नाही. बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसलो होतो, चहा थंड झाला.

मग खालची ओळ बघितली. पोमराइन स्क्युआ, १, दोघांचं अक्षर, आणि त्यांचं आधी. ते बरोबरच आहे. स्क्युआ मला दिसलाच नव्हता. मामाच म्हणाले, "सुरय उधळले रे, बघ कोण आलंय." बंदराच्या तोंडाशी क्रेस्टेड टर्न मासा घेऊन वर चढत होता आणि हा आर्क्टिक टुंड्रात लेमिंग (उंदरासारखे प्राणी) खाऊन वाढलेला दांडगा त्याच्या मागं लागला होता, मासा टाकेपर्यंत सोडला नाही. स्क्युआ दिसण्याच्या आधी थवा कसा फाटतो ते मामांना कळलं. मला अजून पण थवा दिसतो आणि नुसता थवाच दिसतो.

आणि येताना गाडीत, दाणोलीपासून वर घाट संपेपर्यंत, त्यांनी त्या शिअरवॉटरचं एकेक विचारलं होतं. चोच फिकट होती म्हणतोस, टोक कसं? पंखाखाली उजळ काही होतं का? वाऱ्याच्या तोंडावर आला की वर किती उचलायचा? किती हलवून मग तरंगायचा? मला वाटलं परीक्षा घेतायत, पर्शियन शिअरवॉटर तर नाही ना बघितलास म्हणून. पर्शियनचं पोट पांढरं असतं, हे मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. ती परीक्षा नव्हतीच. ते बघत होते. माझ्या तोंडून बघत होते, सावकाश, जे समुद्रावर मला थांबवून विचारलं नाही ते.

कारण तिथं थांबवलं असतं तर माझा डोळा काचेवरनं निघाला असता. पहिल्यांदा मला घेऊन गेले तेव्हा मी प्रत्येक पक्ष्याला वळून वळून त्यांना सांगायचो, तेव्हा म्हणालेले, "अरे सांगायला वळलास की मागनं दुसरं जातंय बघ." काल चोचीचं टोक मला दिसलं ते मी वळलो नाही म्हणूनच दिसलं. "दिसला दिसला, तू बघ" यातलं "तू बघ" मी कालपासून ऐकलंच नव्हतं बहुतेक.

तरी "नाही दिसला, तू बघ" असं म्हणता आलं असतं की. हे अजून टोचतंय, लपवत नाही. पण मीच "दिसला का मामा, दिसला का" असं दर वेळी विचारत असतो, त्याला हो नाहीतर नाही एवढंच उत्तर आहे आणि रोज नाही म्हणायला कुणाला आवडेल.

ऑक्टोबरात परत जायचं ठरलंय. विचारणार नाही मी आता. डोळा काचेवर ठेवून बोलत राहीन, उजवीकडनं आलाय, पंख असे, पोट असं, आता खळग्यात गेला, आता वर. त्यांना जे पकडता येईल ते पकडतील, उरलेलं घाटात विचारतील. स्कोपला माझा झूम आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून मामांचा जुना वाइड लावायचा, त्यात समुद्र जास्त मावतो, पक्षी निसटायच्या आत काचेवर त्यांना आणता येईल. मोठा थवा आला तर स्कोप त्यांच्याकडंच द्यायचा. नोव्हेंबरात अमूर ससाणे घाटमाथ्यावरनं जायला लागले की तिथं स्कोप लागतच नाही, आभाळभर असतात, ईशान्येतनं येऊन इथनं पुढं अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेला जाणारे, तेव्हा मामांनाच पुढं बसवायचं.

लिस्ट भरून झाली आत्ता. शेअर केली मामांना, आणि त्यांच्या प्रतीतनं शिअरवॉटर आणि पेट्रेल काढून टाकले, पासवर्ड माझ्याकडंच असतो. काढताना जड गेलं, पण त्यांनी मला ते ठेवू दिलं नसतं. शेऱ्यात मात्र स्क्युआपुढं लिहिलंय, आधी कुणाच्या लक्षात आला ते.

उद्या वही परत द्यायला जाईन. मामींनी थालीपीठ करते म्हटलंय.