तुम्ही विचारलंत म्हणून: चार ओळींच्या पॅचला इतका वेळ का?

ऐरोलीच्या ऑफिसात विचारतात, ठाण्याला परतताना गाडीत विचारतात. कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, बदल (पॅच) चार ओळींचा, आणि तो तपासून मान्यता देणारा मी आपला अजून ‘बघतोय’. एकदाचं सांगून टाकतो.

फर्मवेअरने, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने, मेमरीत ठेवलेलं माहितीचं टेबल बूटच्या अगदी सुरुवातीला वाचायचं तर कर्नलला ते तात्पुरतं मॅप करावं लागतं, म्हणजे त्या मेमरीला वाचता येईल असा पत्ता द्यावा लागतो. एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) त्यासाठी जागा आठच, आणि प्रत्येकीत ६४ पानं, म्हणजे मेमरीचे चार-चार केबीचे तुकडे, एकूण २५६ केबी. मॅपिंगची फंक्शनं दोन: आयओरीमॅप डिव्हाइससाठी, मेमरीमॅप रॅमसाठी. साध्या मशीनवर कुठलंही वापरा, बाइट तेच दिसतात. अशाच एका पॅचमध्ये टीममधल्या एका पोराने रॅममधल्या टेबलासाठी आयओरीमॅप वापरलं होतं. “सर, लॅपटॉपवर बूट होतंय, केव्हीएम गेस्टमध्येही होतंय.” (गेस्ट म्हणजे मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन.) होत होतंच. तरी मी अडवलं.

कारण एएमडीचं एसईव्ही, म्हणजे गेस्टची मेमरी एन्क्रिप्ट करून ठेवणारी सोय. त्या गेस्टमध्ये हे पान एन्क्रिप्टेड धरायचं की नाही, ते पेज टेबलच्या नोंदीतला एक बिट ठरवतो. आयओरीमॅप तो बिट लावत नाही. डिव्हाइसला तो नकोच असतो. मग टेबलाच्या जागी सायफरटेक्स्ट, म्हणजे न उलगडलेला सांकेतिक मजकूर, हाती येतं. टेबलाची लांबी म्हणून भलताच आकडा वाचला जातो, तेवढं मॅपिंग मागितलं की २५६ केबीची हद्द ओलांडली जाते, कर्नल पत्त्याऐवजी नल (रिकामा पॉइंटर) परत देतो, आणि पॅचमधली पुढची ओळ तो पॉइंटर न तपासताच वापरते, म्हणजे बूट तिथेच कोसळतं.

हे सगळं मी कोड वाचून सांगत होतो. एसईव्ही चालू असलेलं मशीन आमच्याकडे नव्हतं. रिलीज तोंडावर होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तो पोरगा म्हणाला, “सर, तुम्हाला बग सापडलेला नाही, शंका सापडलीय.” कुणीतरी हसलं. मी मान्यता दिली नाही. त्याचं काम रिलीजमधून वगळलं गेलं, अप्रेझलला मोजलं गेलं नाही, आणि तो दुसऱ्या टीममध्ये गेला. कँटीनमध्ये दिसतो. बोलत नाही.

पुढे मशीन आलं तेव्हा तो पॅच मी चालवून पाहिला. गेस्ट गप्प. कन्सोल (संदेश दाखवणारा पडदा) उभा राहण्याआधीच मेलेला, त्यामुळे त्याला पाठवायला लॉगसुद्धा नाही. आणि पाठवून काय मिळवणार होतो?

त्याच्या वयाचा मी असतो तर म्हणालो असतो, आपल्या एकाही ग्राहकाकडे एसईव्ही नाही, आत्ता जाऊ द्या, नंतर दुरुस्त करू. मी तसे पॅच पुढे ढकललेलेही आहेत, आणि त्यातले बरेच आजही नीट चालतात. यावर माझं एकच म्हणणं: कर्नलमध्ये गेलेली ओळ आपल्या ग्राहकांपुरती राहत नाही. तो जुना मी ऐकणारा नाही. म्हणेल, मग मशीन मागायचं, पोराला कशाला अडवायचं?

मागितलं होतं. मंजुरी आली ती तो टीम सोडून गेल्यावर.