दहा रुपयांचं तिकीट कशासाठी

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माहिती अधिकाराचे अर्ज मी लोकांना लिहून देते, स्वतःच्या नावानेही टाकते. प्रती काढायला आलेली माणसं हमखास विचारतात, "ताई, कशाला या भानगडीत पडता? त्यातून निघतं काय? भीती नाही वाटत?" गर्दीत उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगते.

सुरुवात 2012 साली एका रजिस्टरपासून झाली. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं अंत्योदय कार्ड होतं. घरात सून आणि दोन नातवंडं. महिन्याला 35 किलो धान्य हक्काचं, पिशवीत पडायचं बावीस किलो. रेशन दुकानदार म्हणायचा, वरूनच कमी येतं. आम्ही जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, भरलं, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं आणि दुकानाच्या विक्री नोंदवहीची पाहणी मागितली. 30 दिवस काहीच नाही. वरच्या अधिकाऱ्याकडे प्रथम अपील केलं तेव्हा कुठे बोलावणं आलं. पुरवठा शाखेतल्या बाकावर बसून आम्ही दोघींनी पानं उलटली. आजींच्या नावासमोर दर महिन्याला 35 किलो, आणि शेवटच्या रकान्यात सही. वळणदार, पूर्ण नावाची. आजी जन्मभर अंगठा लावत आलेल्या. मी ओळ वाचून दाखवली. त्या सहीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या, मग म्हणाल्या, "किती छान लिवलंय माझं नाव."

तेरा किलो म्हणजे त्या घराचे महिन्यातले अकरा दिवस. तेव्हापासून 'किरकोळ भ्रष्टाचार' हे शब्द मला ऐकवत नाहीत. भ्रष्टाचार वेगळा आणि मानवी हक्क वेगळे, असं बोलणाऱ्यांनी त्या बाकावर बसून पाहावं.

पुढे दुकानाचा परवाना काही महिने निलंबित झाला. त्या वहीवर 'तपासले' म्हणून सही करणाऱ्याला मात्र कोणी साधी नोटीसही दिली नाही. माझं भांडण तिथेच आहे. दुकानदार बदलतो, 'तपासले' तसंच राहतं.

निघतं काय, तर लेखी उत्तर. तोंडी "या उद्या, बघतो" म्हणणाऱ्या माणसाला नाव, हुद्दा आणि सही करून उत्तर द्यावं लागतं. 'संचिका आढळून येत नाही' असं आलं तरी मी ते जपून ठेवायला सांगते. कारण ते घेऊन राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं, आणि विनाकारण उशीर केला तर दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000, असा दंड अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. आयोगाकडची तारीख मात्र लवकर लागत नाही. ही वाट पाहणं माणसाला थकवतं.

दोन गोष्टी मी प्रत्येकाला सांगते, कारण त्या फार थोड्यांना ठाऊक असतात. प्रश्न कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, समजा मुलाला पोलिसांनी उचलून नेलंय, तर उत्तर 48 तासांत द्यावं लागतं. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहायचं. दुसरी म्हणजे, काही गुप्तचर आणि सुरक्षा यंत्रणांना या कायद्यातून वगळलंय, पण त्याच 24 व्या कलमात लिहिलंय की भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्क उल्लंघनाच्या आरोपांची माहिती त्यांनाही दडवता येणार नाही. मानवी हक्कांच्या बाबतीत आयोगाची मंजुरी लागते, एवढंच. कायदा करणाऱ्यांनी हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले, त्याचं मला फार मोल वाटतं.

भीती वाटते. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार उघड करत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला बाहेर पडलेले असताना त्यांचा खून झाला. तपास सीबीआयपर्यंत गेला, तरी शिक्षा कोणालाच झाली नाही. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला आणि अंमलात न येता पडून राहिला. म्हणून मी कोणाला एकट्याने लढायला सांगत नाही. एकाच माहितीसाठी सात-आठ जणांनी सात-आठ अर्ज टाकायचे. एकाचं नाव डोळ्यांवर येत नाही.

आता नवं संकट आलंय. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं 8(1)(ञ) कलम, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देणारं कलम, बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असलेली वैयक्तिक माहिती त्या कलमातही मागता यायची. आता 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की झालं. 8(2) मध्ये सार्वजनिक हिताची वाट उरलीय, पण हित कशात आहे हे आधी ठरवणार तोच अधिकारी. आजींची ती सही, ती खोटी सही, उद्या कोणाची तरी वैयक्तिक माहिती ठरेल.

वस्तीतल्या बायकांनी मागितलेल्या रेशनच्या नोंदींना परवा हेच उत्तर आलं. 8(2) चा आधार घेऊन अपील टाकलंय. सुनावणी गुरुवारी अकराला आहे. आम्ही सातजणी जाणार आहोत, दुकान त्या दिवशी बंद राहील.