आमची वाटचाल : रोलर, धूळ आणि दाजीपूरचा गवा

कोल्हापुरात आज ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्याच्या बोर्डावर ‘ॲक्रिलिक फोटो’ लिहिलेलं असतंय, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटमागे चिकटवलेला फोटो. लिहू देत. पण सहा बाय चार फुटांचा प्रिंट एकही बबल न ठेवता शीटमागे कोण बसवतो, हे या लाईनमधल्या कुणालाही विचारा.

मूळ धंदा वडिलांचा, महाद्वार रोडच्या बोळात फ्रेमिंगचा. अंबाबाई, जोतिबा, शाहू महाराज. काच, पट्टी, हार्डबोर्ड आणि मागून बारीक खिळे. ती वर्षं बरी गेली. मी ॲक्रिलिकमध्ये शिरलो तो वजनापायी. सहा बाय चारची पाच एमएम काच २८ किलोच्या घरात जाते, तेवढंच ॲक्रिलिक १३. अरुंद जिन्यातून मोठी काच वर नेलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

कोल्ड लॅमिनेशन मशीन, म्हणजे उष्णता न देता रबरी रोलरने दाबून चिकटवणारं, सेकंडहँड घेतलं, ५० इंची. आधीच्या मालकाने रोलर रात्रभर दाबून ठेवायची सवय लावून घेतलेली. रबर एका जागी चपटं झालेलं आणि प्रत्येक प्रिंटवर ठरावीक अंतराने आडवी रेघ. नव्या रोलरचा भाव ऐकून फोनच ठेवला. शेवटी रोलर रिक्षात घालून उद्यमनगरात नेला. तिथल्या मिस्त्रींनी रबर ग्राइंड करून असं सरळ करून दिलं की आजही तोच चालतोय. तुमचं मशीन कुठलंही असो, शटर ओढायच्या आधी रोलर उचलून ठेवा.

बाकी आमच्या कामात वैरी एकच, धूळ. शीटवरचा संरक्षक कागद ओढला की स्थिर वीज तयार होते आणि खोलीतला कण न् कण शीटकडे धावतो. म्हणून आधी फरशी ओली करायची, पंखा बंद, मग कागद. प्रिंट शीटला चिकटवणाऱ्या क्लिअर फिल्मचा रिलीज पेपर, म्हणजे गोंदावरचा कागद, चार बोटं सोलून कड चिकटवायची, आणि रोलर फिरेल तसा पेपर एका हाताने मागे ओढत न्यायचा. मध्ये थांबलात की तिथे रेघ पडलीच. प्रिंट आधी दिवसभर तरी वाळू द्यायचा. ओल्या शाईतली वाफ आत कोंडली की बबल महिन्याभराने निघतात, गिऱ्हाईकाच्या भिंतीवर.

राजारामपुरीतले एक डॉक्टर आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. नाव छापू नका म्हणालेत. रविवार आला की कॅमेरा गळ्यात आणि गाडी राधानगरीकडे. दाजीपूरला तिन्हीसांजेला काढलेला गवा घेऊन आले. जनावर काळं, मागचं रानही काळं. काचेच्या फ्रेममध्ये काच आणि प्रिंट यांच्यात हवा राहते, त्यामुळे काचेच्या मागच्या बाजूने आणि प्रिंटवरूनही उजेड परततो आणि काळा रंग राखाडी पडतो. फिल्मने ती हवा घालवली की काळा काळाच राहतो. शीट उभं केलं तेव्हा गव्याची पाठ मागच्या अंधारातून सुटून दिसली, पायातले पांढरे मोजेसुद्धा. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘अजून दोन करा.’’ २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरना गेलेला ऱ्हाईन नदीचा फोटोही ॲक्रिलिकमागेच बसवलेला आहे, हेही त्यांनीच सांगितलं. बिलात मात्र पाचशे कमी करून घेतले.

मग ‘तो’ आला. नाव घेत नाही. दर आमच्या निम्मा. कसा परवडतो? कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या शीटऐवजी मशीनमधून दाबून काढलेलं स्वस्तातलं एक्स्ट्रुडेड शीट, प्रिंट फक्त कडेने डबल टेपवर, शीट भिंतीला धरणाऱ्या स्टडची भोकं नेमकी स्क्रूच्या मापाची. सहा फुटांचं ॲक्रिलिक वीस अंशांच्या फरकाने अडीच मिलिमीटर वाढतं. भोकात जागा ठेवली नाही तर ते वाढून जाणार कुठे? पण हॉटेलं, हॉल, शोरूम, सगळे त्याच्या दारात. ‘‘दोन्ही चकचकीतच की वो,’’ असं मला तोंडावर ऐकवलं.

पहिल्या पावसाळ्यात त्याचे प्रिंट आत पापडासारखे उठले. पुढच्या उन्हाळ्यात भोकांपासून तडे गेले. मी खूश व्हायला हवं होतं. झालं उलटंच. गावभर बोलणं झालं की ॲक्रिलिक फोटो फुगतो. त्याच्या कामाचा ठपका आमच्या धंद्यावर. ऑर्डरी आटल्या, पोरांना घरी बसवलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तो तोवर एलईडी बोर्डात शिरलाही होता.

वाचवलं गव्यानेच. डॉक्टरांनी तो वेटिंगमध्ये लावलेला. पावसाळे गेले, तो तसाच. आईला तपासायला आणलेले एक हॉटेलवाले त्याच्यासमोर तासभर बसले आणि तिथूनच त्यांनी मला फोन लावला. त्यांच्या हॉटेलातलं ‘त्याने’ केलेलं सगळं काम उतरवून आम्ही नव्याने केलं, आमच्या दराने. एक रुपया कमी केला नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतलं आमचं गोडाऊन बुडालं. पंचगंगेचं पाणी येतं आणि उतरतं, तिच्यावर राग धरून काय करणार?

नवीन पोरांना सांगतो, शीट घेताना कास्ट आहे का विचारा आणि बिलावर लिहून घ्या. गिऱ्हाईकाला बजावून सांगा, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे आणि स्पिरिट लावायचं नाही, बारीक तडे जातात. मऊ मायक्रोफायबर आणि साधं पाणी बास. आणि हॉलवाल्यांना उधारी देऊ नका.

‘त्याची’ बोर्डाची शीटं हल्ली कडा पॉलिश करायला आमच्याकडेच येतात. पोरगा घेऊन येतो, स्वतः येत नाही. पैसे आधी ठेवून घेतो, मग कडा चमकवायचा गॅसचा टॉर्च पेटवतो.