फूड सायन्स की न्यूट्रिशन? आधी सिलॅबस उघड

रत्नागिरीत बीएस्सीचे रिझल्ट लागले की कोणी ना कोणी विचारतंच, ताई फूड सायन्स घेऊ की न्यूट्रिशन, एकच ना ते? नाय गो बाय, अजिबात एक नाही.

आपला डबाबंद आंब्याचा रस घे. फूड सायन्सवाली आधी पीएच बघणार, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट. रसाचा पीएच ४.६ च्या खाली, म्हणून बॉट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू त्यात वाढत नाहीत आणि उकळत्या पाण्यातच काम भागतं, पण तिनेच बांगड्याचा, म्हणजे आंबट नसलेल्या माशाचा, डबा करायचा म्हटला की प्रेशरखाली १२१ अंशाच्या आसपास तापवणं आलं, रिटॉर्ट (डबे तापवायचा मोठा प्रेशर कुकरच) आलं, डब्याच्या मधोमध उष्णता पोचायला किती वेळ लागतो त्याचं गणित आलं. हो, गणित! त्याचा कंटाळा असेल तर आत्ताच विचार कर.

न्यूट्रिशनवालीचं काम रस पोटात गेल्यावर सुरू. त्यातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं ते) फॅटसोबत जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणजे आमरसात तूप सोडतात ते तिच्या हिशोबाने बरोबरच, पण डायबेटिसवाल्या काकांनी किती वाट्या खायचा हेही तिलाच विचारणार, आणि काका ऐकणार नाहीत ते वेगळंच.

नाचणीत मात्र दोघी एकमेकींच्या हद्दीत शिरतात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण फायटेटमुळे (धान्यातलं कॅल्शियमला धरून ठेवणारं द्रव्य) त्यातलं सगळं अंगी लागत नाही. मोड आणून सत्त्व केलं की फायटेट कमी होतं. आता मोड किती वेळ आणायचे, पीठ किती महिने टिकेल, ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रोटीन) नसताना ब्रेड फुगवायचा कसा हे एकीचं, आणि ते खाऊन पोराला खरंच किती कॅल्शियम मिळालं हे दुसरीचं.

म्हैसूरचं सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) १९५० चं, ते प्रोसेसिंगवालं. हैदराबादच्या एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्था) सुरुवात १९१८ ला तामिळनाडूतल्या कुन्नूरमध्ये बेरीबेरीच्या (व्हिटॅमिन बी१ कमी पडल्याने होणारा आजार) अभ्यासातनं झाली, म्हणजे मुळातच आजारापासून. मला हा फरक सगळ्यात बोलका वाटतो.

आणि 'फूड सायन्स अँड न्यूट्रिशन' असं जोडनाव दिसलं की नावावर जाऊ नको, पेपरांची यादी काढ. फूड इंजिनिअरिंग, पॅकेजिंग, मायक्रोबायोलॉजी भरलेलं असेल तर पुढे बहुतेक फॅक्टरी नाहीतर क्वालिटी लॅब, फिजिऑलॉजी नि डाएटेटिक्स (आजारानुसार आहार ठरवणं) असेल तर हॉस्पिटलची इंटर्नशिप. फी भरायच्या आधी बघ हे सगळं, नंतर मला फोन करून उपयोग नाही.