ब्रीदरच्या पाईपातला बोल्ट

गाडी छोट्या हत्तीतून उतरवली तेव्हा मी आधी मागचं टायर बघितलं. चेनच्या बाजूने रिमपासून थेट रबरापर्यंत ऑइलने काळंकुट्ट झालं होतं. बुलेट 350, 2013 चं मॉडेल. मालक गडहिंग्लजकडे ज्युनियर कॉलेजात शिकवतात. बायकोला मागे बसवून रत्नागिरीला निघाले होते. आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे एका वळणावर मागचं चाक सरकलं. वेग बेताचा होता, म्हणून दोघं कोपर-गुडघे खरचटण्यावर सुटले. पाठीमागे एस.टी. होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"तीन ठिकाणी दाखवलं मिस्त्री. प्रत्येकानं काही ना काही बदललं. गळती थांबत नाही."

एका गॅरेजने वरच्या कव्हरचं पॅकिंग बदललं होतं. दुसऱ्याने पुढच्या स्प्रॉकेटमागचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागचं, ऑइल सील. तिसऱ्याने ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दाखवून सांगितलं, "हेडच्या पॅकिंगमधून पाणी ऑइलमध्ये उतरतंय, पिस्टनच्या रिंगाही गेल्यात, बोअर करावं लागेल." बोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं. एस्टिमेट वीस हजारांच्या पुढचं. मला याचा राग आला आणि अजून आहे. हे हवेवर थंड होणारं इंजिन आहे. याच्या हेडमध्ये पाणी खेळतच नाही, तर उतरणार कुठून? तो फेस म्हणजे आतल्याआत साचलेली वाफ. घर ते कॉलेज चार किलोमीटर, पावसाळ्याची दमट हवा, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. वाफ बाहेर निघाली नाही की ऑइलमध्ये घुसळून फेस होतो. पण ती बाहेर का निघत नव्हती, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही.

धुऊन घेतल्यावर दिसलं की ऑइल एका जागेहून येत नव्हतं. स्प्रॉकेटच्या सीलमधून, गिअरच्या दांड्याच्या सीलमधून, वरच्या कव्हरच्या सांध्यातून, अगदी वायरी बाहेर येतात तिथल्या रबरातूनही. एक सील म्हातारं होऊन गळतं हे समजू शकतो. सगळी एकदम गळायला लागली तर दोष सीलचा नाही, आतून कुणीतरी ढकलतंय.

पिस्टन वर-खाली होतो तेव्हा वर जसा स्फोट होतो तशी खाली क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, हवाही दाबली जाते. 346 सीसीचं एकच सिलिंडर, 4000 आरपीएमला पिस्टन सेकंदाला साठाहून जास्त वेळा खाली येतो आणि प्रत्येक वेळी तेवढी हवा खाली रेटतो. शिवाय रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळालेला गॅस थोडा त्यांच्या कडेने खाली उतरतोच. या सगळ्याला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. क्रँककेसमधून निघालेला रबरी पाईप एअर फिल्टरच्या डब्यात जातो, तिथून ती हवा पुन्हा इंजिनात ओढली जाऊन जळते. त्या हवेबरोबर ऑइलचे बारीक कण येतात, डब्यात थंड होतात, तळाशी चमचाभर साचतात. हे व्हायचंच. अडचण होते ती चमच्याच्या जागी वाटीभर यायला लागल्यावर. मग फिल्टरचा कागद भिजतो, हवा कोंडते, मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळा पडतो आणि गाडी चढावर दम तोडते.

म्हणून मी पहिल्यांदा फिल्टरचा डबा उघडला. ऑइलने भिजलेला असणार अशी खात्री होती. डबा कोरडा ठणठणीत. तळाला हात फिरवला तर बोटाला धूळ लागली. दहा वर्षांच्या बुलेटच्या फिल्टरच्या डब्यात कोरडी धूळ मी कधी पाहिली नव्हती.

टाकी उतरवली, टॉर्च घेतला. डब्याच्या तोटीवर रबराची टोपी चढवलेली, तिला क्लिप. क्रँककेसकडून आलेला ब्रीदरचा पाईप वळवून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधलेला. त्याच्या तोंडात बोल्ट. डोकं कापून कड कानसीने घासलेली, म्हणजे रबराला चीर पडू नये. वरून स्क्रूची क्लिप, तीही अशी फिरवलेली की स्क्रू केबलला लागणार नाही. पाईप फ्रेमला घासू नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन जागी बांधलेला. माझ्याकडच्या पोरांना मी दाखवलं. असं सुबक काम मी त्यांच्याकडून रोज मागतो आणि रोज मिळत नाही.

ज्या हाताला कड घासायचं सुचतं, त्या डोक्याला ही हवा जाणार कुठे हे सुचलं नाही?

सरांना फोनवर विचारलं. थोडं थांबून म्हणाले, "हो, दोन वर्षांपूर्वी मीच एकाला सांगितलं होतं. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की फिल्टर ऑइलने भिजलेला निघायचा. म्हटलं, कायमचं काहीतरी करा. त्यानं केलं. त्यानंतर फिल्टर एकदम स्वच्छ. मी खूश होतो." बिलात काय लिहिलं होतं? "जनरल सर्व्हिसिंग."

बोल्ट काढला की ऑइल पुन्हा फिल्टरमध्ये येणार हे उघड होतं, म्हणून मूळ कारणाकडे वळलो. गरम इंजिनचं ऑइल मापाच्या भांड्यात काढलं, सव्वातीन लिटर भरलं. या इंजिनात अगदी सुक्या अवस्थेत पावणेतीन लिटर बसतं. सर्व्हिसिंगला ऑइल काढलं तरी बरंचसं खोबणीत, गिअरबॉक्समध्ये, क्लचपाशी राहून जातं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला इंजिन, गिअरबॉक्स, क्लच यांचं ऑइल वेगवेगळं असायचं. या इंजिनात तिन्हींना एकच. म्हणजे भरताना इंजिनाच्या कव्हरवरच्या छोट्या काचेच्या खुणा बघून भरायचं, बाटल्या मोजून नाही. पण तीन बाटल्या विकत आणल्या की तिन्ही ओतायच्या, ही आपल्याकडची पद्धत. गिऱ्हाईकही समोर उभं असतं, "उरलेलं कशाला ठेवता, टाका की." त्यात गाडी साइड स्टँडवर. ती डावीकडे कलते, काच उजवीकडच्या कव्हरला, म्हणजे काच रिकामी दिसते आणि माणूस आणखी ओततो. इंजिन तापवायचं, बंद करायचं, चार-पाच मिनिटं ऑइल खाली उतरू द्यायचं, मेन स्टँडवर सरळ उभं करून बघायचं. एवढा वेळ काढायला कुणी तयार नाही. जादा ऑइल आतल्या फिरत्या भागांत घुसळतं, त्याचं धुकं होतं आणि ते ब्रीदरच्या वाटेने फिल्टरकडे जातं.

तळाच्या जाळीत लाल सिलिकॉनचे तुकडे अडकले होते. पॅकिंग नीट बसवण्याऐवजी ट्यूब पिळून सांधे लिंपायचे, मग जादा सिलिकॉन आतही जातं. ते जाळी बंद करतं, ऑइल वर पोचत नाही, आणि मग खरंच बोअर करायची पाळी येते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरच्या कामाची नावाजलेली माणसं आहेत. त्यांच्या लेथवर असे कारण नसताना उघडलेले ब्लॉक किती येतात, हे त्यांना विचारावं.

रिंगांचा संशय मनात ठेवून गाडी द्यायची नव्हती. गरम इंजिनवर पिस्टन अगदी वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, मागचा ब्रेक एकाने दाबून धरलेला, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली जातो. प्लगच्या भोकातून 100 पीएसआय हवा सोडली. दुसऱ्या गेजवर 91. उरलेली कुठे जाते ते कानाने ऐकायचं: सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमध्ये आली तर इनलेट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. झाकणाशी अगदी हलका श्वास होता. त्या इंजिनाच्या वयाला उत्तम. वीस हजारांचं बोअर कुणालाच नको होतं, कमीत कमी इंजिनाला तरी नको होतं.

स्प्रॉकेटचं आणि गिअरच्या दांड्याचं सील नवीन टाकलं. जुन्याचा ओठ दाबाने बाहेर उलटला होता, आतली बारीक स्प्रिंग जागेवरून सुटली होती. नवं सील आधीही टाकलेलं होतंच, तेही याच दाबाने गेलं. ब्रीदर पाईप नवा घेऊन डब्याला जोडला, ऑइल खुणेपर्यंत भरलं, जोतिबाच्या डोंगरावर डबल सीट जाऊन आलो. सांधे कोरडे. डब्याच्या तळाशी थोडंसं ऑइल, असायला हवं तेवढंच.

बिलावर मी सगळं लिहून दिलं: ब्रीदर बंद केलेला होता, मोकळा केला, पुन्हा बंद करू नये, ऑइल काच बघून भरावं. आमच्या धंद्यात बिलावर पार्ट लिहिले जातात, केलेलं काम लिहिलं जात नाही. त्या बोल्टबद्दल एक ओळ कुठे लिहिलेली असती तर पुढच्या तिघांनी पॅकिंगांवर सरांचे पैसे घालवले नसते. पण त्या तिघांचाही एक दोष आहे, तो मी सोडणार नाही. ऑइल चारी बाजूंनी येताना दिसत असूनही त्यांनी ब्रीदर बघितला नाही. टाकी उतरवायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे मागायला लाज वाटते, पॅकिंगचे मागायला वाटत नाही.

बोल्ट बसवणाऱ्याचं नाव सर सांगत नाहीत. "चांगला मुलगा आहे, पोटावर पाय नको," म्हणतात. मला त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, त्याला समोर बसवून फक्त बोलायचं आहे. गिऱ्हाईकाने फिल्टर कोरडा मागितला आणि त्याने कोरडा करून दिला. त्याच्या मते काम पुरं झालं होतं. कुणी परत येऊन त्याला सांगितलंच नाही की आंबा घाटाखाली काय होता होता राहिलं.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बुलेटच्या ब्रीदरला मी हात लावून बघतो. गेल्या आठवड्यात एन्फिल्डच्याच एका क्लासिकला तसाच बोल्ट मिळाला, तशीच घासलेली कड, तशीच फिरवलेली क्लिप. मालकाला दाखवला, काय होऊ शकतं ते सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे की. फिल्टर कसा मस्त कोरडा राहतोय." बोल्ट घालून गाडी बाहेर सोडणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. बराच वेळ वाद झाला. शेवटी तो पाईप जोडून गाडी घेऊन गेला, पण जाताना बोल्ट आणि क्लिप माझ्याकडून मागून घेतली.