पिकअपमधले पन्नास मैल

मंडळाच्या कार्यक्रमात स्लाइड दाखवल्या, तेव्हा एक फोटो आधीच काढून टाकायला हवा होता: पिकअपच्या हौद्यात दोरीने आवळून बांधलेली माझी हिमालयन मोटारसायकल. तेव्हापासून गणपती असो की कुणाचं बारसं, हातात बशी घेऊन कोणीतरी गाठतंच. "म्हणजे वायमनची वाट तुम्ही पूर्ण नाही केलीत ना?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

स्लाइड चालू असताना ज्यांची डुलकी लागली होती, त्यांच्यासाठी: जॉर्ज वायमन १६ मे १९०३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ६ जुलैला न्यूयॉर्कला पोचला. गाडी म्हणजे सव्वा हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलेली सायकल, चाक फिरवायला चामड्याचा पट्टा. इंजिनाच्या वाहनावर अमेरिका आरपार करणारा तो पहिला. अमेरिका आरपार करणारी पहिली मोटार म्हणून डॉक्टर जॅक्सनच्या गाडीचं कौतुक होतं, ती त्याच्यानंतर वीस दिवसांनी पोचली. वायमनच्याच वाटेने मीही हिमालयनवरून न्यूयॉर्कपर्यंत गेलो, फक्त मधले पन्नास मैल पिकअपमध्ये गेले.

आता माझी बाजू. मुळात 'त्याचा रस्ता' नावाची गोष्टच नाही. रस्ते असे नव्हतेच, म्हणून तो कित्येक मैल रेल्वेच्या स्लीपरवरून आदळत गेला. सिएरा नेवाडात बर्फ होतं, तिथे रुळांवर बांधलेल्या लाकडी छपरांखालून. आज रेल्वेच्या हद्दीत चाक घातलं तर गुन्हा दाखल होतो. मी सिएरातल्या डॉनर पास या खिंडीत जुना हायवे ४० घेतला, १९२६ च्या कमानी पुलावरून. वायमनच्या वेळी तो पूल नव्हताच. नेवाडात तर बराचसा वेळ मी इंटरस्टेट ८० या आजच्या महामार्गाला खेटून होतो. तेव्हा सोवळ्याचाच आग्रह असेल, तर मला सॅक्रामेंटोलाच अडवायला हवं होतं. पन्नास मैलांचं काय घेऊन बसलात?

हे भाषण मी दोन वर्षं ऐकवतोय. लोक मान डोलावतात आणि पुढचा वडा घेतात. पण गोची अशी आहे की ते पन्नास मैल कुठलेही नव्हते.

युटामध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तरेला, लूसिनपासून प्रोमोंटरीकडे, रेल्वेचा जुना भराव अजून शाबूत आहे. १९०४ मध्ये सरोवराच्या आरपार नवी लाइन सुरू झाली आणि ही बाजूला पडली. म्हणजे वायमनला वळसा घालून इकडूनच जावं लागलं, एक वर्षाचा फरक! रूळ १९४२ मध्ये युद्धासाठी उखडून नेले. आता त्या भरावावरून गाडी नेता येते, कायदेशीर. अख्ख्या प्रवासात 'याच मातीवरून तो गेला' असं छातीठोक म्हणता येईल, अशी हीच एक लांबलचक जागा. मी नेमका तिथेच पिकअपमध्ये बसलो.

रूळ नेले, खिळे सगळे नेले नाहीत. टेरेस हे एकेकाळी रेल्वेचं भरलेलं गाव, आता विटांचे तुकडे. ते मागे टाकून तासभर झाला असेल, मागचं चाक वळवळायला लागलं. उतरून पाहिलं तर टायरमधून चौकोनी, गंजका खिळा बोटभर बाहेर. पंक्चर काढायला मला येतं, कराडला कॉलेजात असताना कितीतरी काढलीत. चाक उतरवलं, नवी ट्यूब घातली आणि टायरची शेवटची कड चढवताना घाईत लिव्हरने ट्यूबलाच चिमटा काढला. पंप मारला तर फुस्स. मग ठिगळ लावू म्हणून सोल्युशन काढलं, तर ते आतल्या आत वाळून खडा झालेलं. निघण्यापूर्वी बायकोने विचारलं होतं, "ते तपासलंस का?" मी हो म्हणालो होतो.

सावली गाडीची, तेवढीच. चहूकडे सेजब्रशची खुरटी झुडपं, लांबवर मिठाचा पांढरा पट्टा. पाणी दीड लिटर. मोबाइलला रेंज नव्हती, पण सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र होतं. दुपारी दोनला मी त्यावरचं 'सगळं ठीक'चं बटण दाबलं. काहीही ठीक नव्हतं.

चारच्या सुमारास एक पिकअप आला. गुरंवाला, साठीच्या पुढचा. म्हणाला, "टाकू मागे?" मी म्हणालो, "नको, जमेल." त्याने टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा कॅन खाली ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. धूळ बसेपर्यंत मी त्या दिशेने बघत होतो. वायमनचं इंजिन ऑल्बनीजवळ मेलं, तेव्हा तो दीडशे मैल पॅडल मारत न्यूयॉर्कला गेला. हे माझ्या डोक्यात होतं, आणि दोनशे किलोच्या हिमालयनला पॅडल नसतात हे नव्हतं.

सात वाजता तो परत आला. या वेळी त्याने विचारलंच नाही, सरळ फळी लावली. दोघांनी ढकलून गाडी वर चढवली. स्नोव्हिलपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून होतो. तिथे टायरचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्याने प्रोमोंटरी, आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत मी काही सोडलं नाही. हेही नोंदवून ठेवा.

बायकोला पन्नास मैलांशी काही देणंघेणं नाही. ती बटणाचं विचारते. "ठीक कुणाला कळवलंस? मला, की त्या वायमनला?" पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी उगाच तुला काळजी नको वगैरे बोललो. खरं म्हणजे तिने मदत पाठवली असती आणि मग वाट मोडली असती, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आताही असाच वागेन का, कोण जाणे. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

काहीजण सुचवतात, "मग जाऊन तेवढं करून या की." आतून मलाही वाटतं, आणि त्याच वेळी वाटतं की ते केलं तरी ही दोन वेगळ्या वर्षांत जोडलेली वाट असेल, पुन्हा कोणीतरी बशी घेऊन येईलच. तरी सोल्युशनच्या दोन ताज्या ट्यूबा आणून गॅरेजमध्ये ठेवल्यात. तिला अजून सांगितलेलं नाही.