डॅशहंडच्या रंगांतले नेहमीचे आणि दुर्मीळ

आमच्या घरातला डॅशहंड जातीचा कुत्रा तांबड्या रंगाचा आहे, म्हणजेच या जातीत सर्वांत जास्त दिसणाऱ्या रंगाचा; मात्र उन्हात त्याचा कान उलटून पाहिला, की कडेला काळ्या केसांची एक बारीक झालर दिसते. तांबड्याखालोखाल काळा रंग आढळतो, ज्यात भुवयांवर, तोंडाच्या बाजूंना आणि पंजांवर बदामी ठिपके असतात. हा रंग तांबड्यापुढे अप्रभावी, म्हणजे तांबड्याचे जनुक सोबत असले की झाकला जाणारा, असल्यामुळे दोन तांबड्या कुत्र्यांच्या पोटी काळे पिल्लू जन्मले, तर त्यात नवल काहीच नाही. राठ केसांच्या प्रकारात मात्र रानडुकरासारखा करडा-तपकिरी रंगच सर्रास दिसतो.

चॉकलेटी रंगासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही तेच जनुक यावे लागते, म्हणून तो कमी दिसतो. काळा रंग फिका करणारे जनुक दुहेरी आले, की निळसर राखाडी छटा येते. चॉकलेटी आणि फिकेपणा, दोन्ही जनुके दुहेरी जुळली तरच इसाबेला हा फिकट करडा-तपकिरी रंग मिळतो. दोन्ही जनुके लपून असलेल्या काळ्या जोडीच्या पिल्लांत ही शक्यता सोळात एक एवढीच असते. ‘दुर्मीळ’ म्हणून त्याचे कौतुक होते खरे, पण अशा फिक्या रंगांच्या कुत्र्यांत केस गळण्याचा विकार आढळतो, हे कौतुक करणारे क्वचितच सांगतात.

ठिपक्याठिपक्यांच्या डॅपल कुत्र्यांची आपसांत जोडी लावणे तर मला सरळ चुकीचे वाटते. त्यांच्या साधारण चारांतील एका पिल्लात डॅपलचे जनुक दुहेरी येते आणि त्याला बहिरेपणाचा किंवा अंधत्वाचा धोका असतो.